कोल्हापूरहून पणजी: दोन रात्रींचा निवांत बेत कसा आखावा

कोल्हापुरात कुणालाही ‘गोव्याला चाललोय’ म्हणून सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘किती जण, आणि गाडी कुठली?’ मग कळंगुट, बागा, एखादा किल्ला, रात्रीचं जागरण आणि रविवारी दुपारी आंबोली चढून घरी. या सगळ्यात पणजी लागते ती मांडवी नदीच्या पुलावर, गाडीच्या काचेतून, पाच मिनिटं. आमच्या घरच्या चार-पाच सहली अशाच झाल्या. पुढे एका कामासाठी मला पणजीत दोन रात्री राहावं लागलं. पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकून उठले, दारातच गरम पाव घेतले, दिवसभर पायी फिरले आणि रात्री साडेनऊपर्यंत नदीकाठच्या बाकावर एकटी बसले. तिथे मला कुणी हटकलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही. ‘बाई, एकट्याच?’ असंही कुणी विचारलं नाही. तेव्हापासून गोव्याला जाते ती पणजीत राहायला.

समुद्रकिनारे टाळा असं माझं म्हणणं नाही. पण ज्यांना एक शहर सावकाश बघायचंय, त्यांना हा बेत उपयोगी पडेल. दोन रात्री पुरतात.

तारीख आधी, बुकिंग नंतर

शनिवार-रविवारची सवय पहिल्यांदा मोडा. रविवारी पणजीतली बरीच दुकानं आणि जुने कॅफे बंद असतात. चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, त्या वेळी आत हिंडणं बरं दिसत नाही. वर घाटात आणि पुलावर सगळ्या महाराष्ट्राच्या गाड्या. सोमवारी पहाटे निघून बुधवारी परत, हा मला सगळ्यात चांगला वाटलेला बेत. खोल्याही आठवड्याच्या मधल्या दिवसांत स्वस्त मिळतात.

महिना निवडताना शहराचं वेळापत्रक बघा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी असतो. हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो. सिनेमा बघायचा असेल तर नोंदणी करून खुशाल जा, नुसतं फिरायचं असेल तर ते दिवस सोडा. ३ डिसेंबरला जुने गोवे इथे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव, असतं आणि ८ डिसेंबरला पणजीच्या मोठ्या चर्चचं. दोन्हीला गर्दी होते, पण ती गोवेकरांची स्वतःची गर्दी, बघण्यासारखी. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र टाळाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये आधी कार्निव्हल आणि होळीनंतर शिगमो. मुलं बरोबर असतील तर शिगमोची मिरवणूक दाखवा. ढोल-ताशे, रोमटामेळ (नाचत-गात जाणारे जथे) आणि पुराणातले चित्ररथ मुलांना फार आवडतात.

माझी स्वतःची पसंती ऑगस्टला. पावसानं शहर धुऊन निघालेलं असतं, गर्दी नसते. जून आणि जुलैत यांत्रिक मासेमारीवर बंदी असते, ती ३१ जुलैला संपते आणि बाजारात पुन्हा समुद्राची मासळी येते. अडचण एवढीच, की त्याच सुमारास आपला श्रावण येतो. घरात पाळत असाल तर हे आधी मोजा, नाहीतर पणजीत जाऊन वरणभात खाल.

जायचं कसं

गाडीनं सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, थांबत-थांबत सहा तास धरा. सरळ आणि सुंदर रस्ता म्हणजे गडहिंग्लज किंवा उत्तूरकडून आजरा, मग आंबोली, दाणोली, बांदा आणि पत्रादेवीला गोव्यात. दुसरा निपाणी, बेळगाव, चोर्ला घाट आणि साखळीमार्गे. चोर्ल्यात जंगल दाट आहे, पण रस्त्याची अवस्था दरवर्षी बदलते. निघण्याआधी बेळगावच्या कुणा ओळखीच्या माणसाला फोन करून विचारा. पावसाळ्यात दोन्ही घाट दिवसाउजेडीच उतरा. आंबोलीत धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत.

पत्रादेवीला थोडं थांबा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यांचं स्मारक इथे आहे. त्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून शेकडो माणसं गेली होती. दहा मिनिटं लागतात, आणि मग पुढचा गोवा वेगळा दिसतो.

गाडी न्यायलाच हवी असं नाही. कोल्हापूरच्या सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानक) एसटी मिळते. कदंबा म्हणजे गोव्याची एसटी, तिचं पणजीतलं बसस्थानक शहरातच आहे. रेल्वेची हौस असेल तर मिरजेहून गोवा एक्स्प्रेस पकडा. ती बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक करत दूधसागरच्या धबधब्यासमोरून मडगावला जाते. तिथून पणजी ३३-३४ किलोमीटर, मधे न थांबणाऱ्या कदंबाच्या शटल बस आहेत. वेळ जास्त जातो, पण पावसाळ्यात त्या घाटाची सर कशालाच नाही.

मुक्काम कुठे करायचा

जुन्या पणजीत, म्हणजे फोंताइन्हास, मळा किंवा सांतोमे या भागात. इथे जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांची छोटी अतिथिगृहं झाली आहेत. खोल्या लहान, जिने लाकडी, काही ठिकाणी लिफ्ट नाही. आई-वडील बरोबर असतील तर तळमजल्याची खोली आहे का, हे फोनवर आधी विचारून घ्या. ते जमत नसेल तर बसस्थानकाजवळच्या पाटो भागात किंवा मिरामारच्या बाजूला नेहमीची हॉटेलं आहेत.

गाडी असेल तर दुसरा प्रश्न पार्किंगचा. फोंताइन्हासच्या गल्ल्या आपल्या मंगळवार पेठेतल्या बोळांपेक्षाही अरुंद आहेत. तिथे आपली एमएच ०९ ची, कोल्हापूर पासिंगची, मोठी गाडी घुसवून कुणाच्या दारात लावली, तर त्या घरातल्या माणसाला दिवसभर बाहेर पडता येत नाही. गाडी पाटोकडच्या पे-पार्किंगमध्ये लावा आणि परतेपर्यंत विसरा. जुनं शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी अर्ध्या तासाचं आहे. लांब जायचं झालं तर ‘पायलट’ घ्या. पिवळ्या-काळ्या रंगाच्या या मोटारसायकल टॅक्सी आहेत, एका माणसाला मागे बसवून नेतात. भाडं आधी ठरवा. दुचाकी भाड्यानं घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं देणं-घेणं बेकायदा आहे, आणि पोलिसांनी अडवलं की त्रास आपल्याला होतो.

पहिला दिवस: पायी, आणि दुपारी झोप

पोचलात की जेवा आणि झोपा. हे मी अगदी मनापासून सांगते आहे. दुपारी एक ते साडेतीनपर्यंत बरीच पणजी दारं लावून घेते. गोव्यात ‘सुशेगाद’ शब्द आहे, पोर्तुगीज भाषेतून आलेला, अर्थ शांत, निवांत. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याचा अर्थ आळस असा करून टाकलाय. प्रत्यक्षात ही माणसं पहाटे उठून कामाला लागतात, दुपारी अंग टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा दुकान उघडतात. आपण त्या लयीत शिरलो, की दुपारच्या दमट उकाड्यात वणवण करायची वेळ येत नाही.

चारच्या पुढे चर्च चौकातून सुरुवात करा. नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांचं चर्च म्हणजे ‘आवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन’. १५४१ साली इथे छोटं प्रार्थनाघर होतं, आजची इमारत १६१९ ची. वरची प्रचंड घंटा जुने गोवेच्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली आहे. पायऱ्यांवर फोटो काढा, पण आत गेल्यावर टोपी काढा, आवाज खाली ठेवा आणि खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. अंबाबाईच्या देवळात जाताना ज्या गोष्टी आपण न सांगता पाळतो, त्याच.

अंबाबाईचं नाव निघालं म्हणून एक सांगते. पणजीत महालक्ष्मीचं देऊळ आहे, चर्चपासून चालत पाच-सात मिनिटांवर. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० साली सुरू झालं आणि १८१२ साली संपलं. तेवढी अडीचशे वर्षं धर्मावरून माणसांचा छळ झाला. पणजीतलं हे देऊळ १८१८ चं. पोर्तुगिजांनी या शहरात परवानगी दिलेलं हे पहिलं हिंदू देऊळ मानतात. आज पणजी मोकळी, सगळ्यांना सामावून घेणारी दिसते. तो मोकळेपणा तिला आयता मिळालेला नाही. कोल्हापूरच्या माणसानं या देवळात हात जोडून मगच पुढे जावं, असं मला वाटतं.

तिथून नदीकडे उतरा. आदिलशहाचा जुना राजवाडा लागेल. पन्हाळा ज्या विजापूरकरांकडे होता, त्यांचाच हा खाडीकाठचा वाडा. पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय इथे राहिले, मुक्तीनंतर सचिवालय आणि विधानसभा इथेच भरली. शेजारी एक विलक्षण पुतळा आहे: एक माणूस हात पसरून पुढे झुकलाय आणि समोर एक बाई कोसळते आहे. हा आबे फारिया. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा गोवेकर पाद्री पॅरिसला गेला. मोहनिद्रा कुठल्या चुंबकी शक्तीनं येत नाही, ती सूचनेनं येते, हे त्यानं त्या काळी मांडलं.

फोंताइन्हास मी मुद्दाम शेवटी ठेवते, उन्हं कलल्यावर. पिवळी, निळी, तांबडी घरं, खिडक्यांना लाकडी चौकटी, भिंतीत निळ्या-पांढऱ्या फरशांवर लिहिलेली नावं. इथे एक विनंती. ही घरं राहती आहेत. मागच्या खेपेला एका घराच्या पायरीवर मुलगा-मुलगी कपडे बदलून-बदलून फोटो काढत होते आणि आतल्या आजी दार उघडून बाहेर पडायला मिळावं म्हणून वाट बघत उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. रस्त्यावरून फोटो घ्या, पायरीवर बसू नका, खिडकीतून आत कॅमेरा नेऊ नका. दारात कुणी दिसलंच तर विचारा, बहुतेक जण हसून हो म्हणतात.

खाणं: इथे घाई करू नका

सकाळ पोदेराची. पोदेर म्हणजे पाववाला, सायकलला मोठी टोपली आणि रबरी भोंगा. सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी येतो. त्याच्याकडे पाव, कडक उंडो, बांगडीसारखी काकणां आणि पोळी मिळते. ही पोळी आपली नव्हे. कोंडा लावलेला, आतून पोकळ, चपटा गोल पाव म्हणजे गोव्याची पोळी. गरम असताना नुसती खाल्ली तरी पोट भरतं.

नाश्त्याला जुन्या कॅफेत भाजी-पाव मागा. मुंबईची पावभाजी डोळ्यांपुढे आणू नका. इथे पातळ भाजी, सुकी भाजी आणि दोन्हींची ‘मिक्स’ असते. वाटाणे, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) किंवा बटाटा, ओल्या नारळाच्या वाटणात. मिसळीवर वाढलेल्या कोल्हापूरकराला पहिल्या घासाला तिखट कमी वाटेल आणि हात आपोआप कट मागायला जाईल. मागू नका. दोन घास थांबा, मग नारळाची चव कळायला लागते. सोबत मिरची भजी घ्या, ती भरपाई करते.

दुपारी नुस्त्याची थाळी. नुस्तें म्हणजे मासे. उकड्या तांदळाचं शीत म्हणजे भात, वर हुमण किंवा कडी (माशाची नारळाच्या वाटणातली आमटी), रव्यात तळलेला मासा, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सुक्या जवळ्याचं किसमूर (कोशिंबिरीसारखं) आणि सोलकढी. हिंदू घरच्या कडीत तेफळं (तिरफळं) आणि आमसूल, ख्रिस्ती घरच्या स्वयंपाकात व्हिनेगर. एकाच गावात, एकाच माशाच्या या दोन चवी. दोन दिवसांत दोन्ही खाऊन बघा. भाड्याच्या टॅक्सीवाल्यानं नेलेल्या मोठ्या हॉटेलपेक्षा जिथे दुपारी एक वाजता सरकारी कार्यालयातली माणसं रांगेत दिसतात ते ठिकाण निवडा. शाकाहारी असाल तर खतखतें विचारा, अनेक भाज्यांचा हा तेफळ घातलेला रस्सा आहे. तो रोज सगळीकडे नसतो, पण मिळाला तर सोडू नका.

संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट: ऑम्लेटवर शाकुतीचा (भाजलेल्या मसाल्याच्या नारळी रश्शाचा) गरम रस, वर कांदा-लिंबू, सोबत पाव. आमच्या घरच्या पोरांनी पांढऱ्या रश्शाइतकंच यावर प्रेम केलं. चोरीस-पाव म्हणजे डुकराच्या मांसाचा मसालेदार सॉसेज पावात घालून. चालत नसेल तर ऑर्डर देण्याआधीच विचारा.

दुसरा दिवस: नदीच्या कडेनं

सकाळी लवकर रायबंदरच्या रस्त्यानं निघा. पणजी आणि रायबंदर जोडणारा तीन किलोमीटरहून लांब बांध-पूल १६३३-३४ साली बांधलेला, आजही वाहता आहे. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. रायबंदरहून फेरीबोटीनं पलीकडे चोडण बेटावर जाता येतं. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. उतरल्या-उतरल्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरची खारफुटी. पक्षी बघायचे तर सकाळच. उन्हात सगळं सामसूम होतं.

तिथून परत येऊन जुने गोवे. पणजीहून दहाएक किलोमीटर, बस सारख्या असतात. बॉम जीझस बासिलिका १६०५ सालची, सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव इथे आहे. गोवेकर, मग तो कुठल्याही धर्माचा असो, त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतो. रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल. थोडं वर चढून ऑगस्टिनियन मठाचा मोडका मनोरा बघा, पणजीच्या चर्चची घंटा इथली. १८४३ मध्ये राजधानी पणजीला हलली, कारण हे शहर साथींनी ओस पडलं होतं.

दुपारची झोप झाली की कांपाल आणि मिरामार. वाटेत कला अकादमी लागेल, चार्ल्स कोरिया यांनी आखलेली नदीकाठची इमारत. कार्यक्रम काय आहे ते बघा, मराठी नाटक असण्याचीही शक्यता असते. गोवेकरांचं मराठी नाटकावर जुनं प्रेम आहे.

मिरामारला संध्याकाळी चाला, रंकाळ्यावर चालतो तसं. पाण्यात मात्र शिरू नका. मांडवी इथे समुद्राला मिळते, प्रवाह फसवा आहे. पंचगंगेत पोहायला शिकलेल्या तरण्या पोरांना आपण कुठेही पोहू शकतो असं वाटतं, आणि दरवर्षी अशाच बातम्या येतात. समुद्राची ओढ वेगळी असते. गोव्यात कुठल्याही किनाऱ्यावर लाल झेंडा दिसला किंवा जीवरक्षकानं शिट्टी मारली की बाहेर या. दारू पिऊन तर पाण्याजवळही जाऊ नका.

नदीतल्या कॅसिनोंच्या दिव्यांकडे पोरांचे डोळे जातात. मी जा म्हणणार नाही. तिथे घरची पुंजी घालवून आलेली माणसं मी ओळखते.

मोकळं शहर, पण कुणाचं तरी घर

इथे बायका संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बसून बिअर घेतात, मुली हव्या त्या कपड्यांत फिरतात, जोडपी हात धरून चालतात. त्याकडे बघत राहायचं नसतं. फोटो तर मुळीच काढायचा नसतो. बरोबर तरणी मुलं नेत असाल तर निघण्याआधी घरीच हे स्पष्ट सांगा. मला त्या रात्री बाकावर जी शांतता मिळाली, ती आजूबाजूच्या माणसांनी मला दिली होती. दुसऱ्या बाईलाही ती आपल्याकडून मिळायला हवी.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी बहुतेकांना कळते, देवळातल्या आरत्याही मराठी, वर्तमानपत्रंही. पण ‘कोकणी म्हणजे मराठीचीच बोली’ हे वाक्य चुकूनही बोलू नका. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात कौल घेतला गेला, आणि महाराष्ट्रात विलीन होण्याचा पर्याय सुमारे ३४ हजार मतांनी नाकारला गेला. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली. हा विषय तिथे अजून हळवा आहे. त्यापेक्षा दोन शब्द शिकून जा. भाव विचारताना ‘कितले?’ आणि निघताना ‘देव बरें करूं’. समोरच्याचा चेहरा लगेच खुलतो.

दारूबद्दल थोडक्यात. वय २१ पूर्ण हवं. किनाऱ्यावर आणि उघड्यावर प्यायला बंदी आहे, दंड होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्वस्त मिळते म्हणून डिकीत बाटल्या घालून महाराष्ट्रात आणू नका. तो परवान्याशिवाय गुन्हा आहे. बांद्याजवळ आणि आंबोलीच्या वाटेवर उत्पादन शुल्क खात्याची तपासणी असते, त्यात गाडीही जप्त होते.

परतताना

बुधवारी सकाळी पणजीच्या बाजारात जा. आमसुलं, तेफळं, काजू आणि जमलं तर बेबिंका घ्या. थर-थर करून भाजलेला हा नारळाच्या दुधाचा केक प्रवासात चांगला टिकतो. पोळ्या त्याच दिवशी खायच्या, दुसऱ्या दिवशी चिवट होतात. बाराच्या आत मांडवीपलीकडची पर्वरी मागे टाका, म्हणजे सावंतवाडी-आंबोली उजेडात पार होते. आजऱ्याला चहा घेऊन दिवेलागणीला घरी पोचाल, आणि पिशवीतल्या पोळ्या तोवर मऊ असतील. तव्यावर जरा शेकून रात्रीच्या जेवणाला काढा.